शिवणवर्गाचं पायमशीन

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत कुणीतरी टाकून दिलेली आणि आमच्या मामांनी बोली न लावलेली वस्तू अजून जन्माला यायची आहे. मामा तोफखान्यातले निवृत्त हवालदार. तोफांनी त्यांचा डावा कान पार नेला, उजवाही आपल्या मर्जीने ऐकतो; पण दहा कोसांवर लिलाव असला की त्यालाही बरोबर ऐकू येतं. मग मामा आदल्या दिवशी जाऊन मालाची 'रेकी', म्हणजे टेहळणी, करणार, दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत खुर्ची धरणार आणि घेतलेला माल माझ्या गाडीत कोंबणार. माझ्या बिचाऱ्या गाडीने काय काय वाहिलंय म्हणून सांगू! मामांच्या साताऱ्याच्या घरी पाहुण्यांना बसायला मोडीत निघालेल्या एसटीचं बाक आहे. त्यावर 'विधानसभा सदस्यांसाठी राखीव' असं लिहिलंय आणि बहुतेक वेळा मांजर बसलेलं असतं. बंद पडलेल्या टॉकीजची तिकीटखिडकी त्यांनी दाराशेजारी बसवली, दूधवाला त्यातूनच पिशवी देतो. सांगलीहून हळदीचा वजनकाटा आणल्यापासून तर आल्या-गेल्या माणसाला जेवणाआधी आणि जेवणानंतर तोलतात, आणि काटा फारसा हलला नाही तर स्वयंपाकघराकडे बघून "पावन्याला वाढलं न्हाई व्हय?" म्हणून ओरडतात.

एकदा मी वैतागून म्हणालो, "आवं मामा, या भंगाराचं करायचं काय?"

"वस्तू म्हातारी झाली म्हनून मोडीत घालायची व्हय रं? मग माजा बी लिलाव पुकारा की!"

मामी कधी भांडली नाही. बाक पुसता पुसता एवढंच म्हणायची, "समद्या दुनियेचं आणलं. माजं तेवढं ऱ्हायलं." हे मात्र मामांना त्या अर्धवट कानांनीही स्पष्ट ऐकू यायचं. कारण मामा सरहद्दीवर होते तेव्हा मामी म्हसवडला पंचायतीच्या शिवणवर्गात शिकवायची. तिच्या पायमशीनच्या फळीवर तिने स्वतः रंगाने पोपट काढला होता. मामा निवृत्त होऊन आले आणि तोऱ्यात म्हणाले, "आता पेन्शन हाय, कशाला राबतीस?" मामीने वर्ग सोडला, दोघं साताऱ्याला आली, पुढे वर्गही बंद पडला.

गेल्या वर्षी त्या वर्गाचं सामान लिलावात निघालं. मी मामांना घेऊन म्हसवडला निघालो. खिंड ओलांडल्यावर मामा म्हणाले, "सोडाय मीच लावलं रं तिला. आज पोपट घेतल्याबिगर परतायचं न्हाई." मामीला त्यांनी शिरवळच्या कारखान्याचं भंगार बघायला जातो म्हणून सांगितलं होतं. मामी आदल्या दिवशीच सिद्धनाथाच्या दर्शनाला म्हणून म्हसवडला बहिणीकडे गेली होती. मी म्हणालो, "मामा, मामी तिथंच असंल की." तर म्हणाले, "तिला देवळातनं सवड कुठली?"

मी गाडी लावून आलो तर मामांची आणि मागच्या कुठल्याशा बाईची जुंपलेली. मामांना तिचा आवाज ऐकूच येत नव्हता. लिलाववाला आकडा पुकारायचा की मामा चवताळून वर चढायचे. मी मागे बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं आणि गारच झालो. डोक्यावरून पदर घेतलेली आमची मामी! मी तोंड उघडणार एवढ्यात तिने डोळे वटारून बोट ओठांवर ठेवलं. मी मुकाट खांबाला टेकलो.

बोली नव्या मशीनच्या किमतीपलीकडे गेली तेव्हा लिलाववाल्याला शंका आली. "बाई, चेष्टा नाही ना? आधी पूर्ण नाव सांगा. तुमचं, मालकांचं."

जुन्या वळणाच्या बायकांसारखंच आमच्या मामीनेही जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. ती शांतपणे म्हणाली, "मालक तितं म्होरं खुर्चीवर बसल्यात. त्यास्नीच इचारा."

सगळा मांडव हसला. काय झालं ते मामांना कुणीतरी उजव्या कानात ओरडून सांगितलं. मामा खुर्चीसकट मागे वळले.

"आता शेवटची बोली कुणाची धरू?" लिलाववाला म्हणाला.

"तिचीच धरा," मामा म्हणाले. "घरात बी तिचीच असती."

परतताना मशीन डिकीत आणि डिकीचं दार दोरीने बांधलेलं. मामा पुटपुटले, "अगं, मला ऐकाय येत न्हाई. तुला तर माजा आवाज वळखाय आला असंल?"

"पैल्याच बोलीला वळखला," मामी म्हणाली. "पर म्हटलं, बघू तरी, माज्यासाठी कुटवर चढत्यात." दहिवडी येईपर्यंत मामा खिडकीबाहेर बघत होते आणि सारखे चष्मा पुसत होते.

परवा एका बंद पडलेल्या सोसायटीच्या लिलावाची जाहिरात वाचली आणि सवयीने मामांकडे गेलो. "आता काय आणायचं ऱ्हायलंय गड्या?" म्हणाले आणि उठलेसुद्धा नाहीत. खरं सांगतो, मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. मामी पोपटाच्या मशीनवर शेजारणीचा परकर शिवत होती. आता तिला सुईत दोरा ओवता येत नाही, तो मामा ओवून देतात. एरवी तिथेच शेजारी, उजवा कान तिच्याकडे करून बसतात.