संक्रांतीचा काळा फ्रॉक

नव्वदच्या दशकात बंगळूरला आमच्या कॉलनीतल्या मराठी बायकांचे दोन गट होते. एक लष्करी इस्पितळात जखमी जवानांना भेटायला जायचा, दुसरा सरकारी इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डात. मान अर्थात पहिल्या गटाला. जवान चकल्या खायचे, पुढच्या खेपेला चिवड्यात लसूण घाला म्हणून हक्कानं सांगायचे, आणि आमच्या बायका जन्माचं सार्थक झाल्याच्या चेहऱ्यानं घरी यायच्या. मी मुलांच्या गटात होते. तिथे आमच्याकडे कोणी काही मागत नसे. मुलं औषधांनी ओकत असत आणि त्यांच्या आया आमच्याकडे बघायच्या त्या मीटर तपासायला आलेल्या माणसाकडे बघावं तशा. दर गुरुवारी परतताना मी ठरवायची, बास, आता जायचं नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा पिशवी उचलायची.

माझ्या जाण्याला कारण होती खिडकीजवळच्या खाटेवरची मुलगी. सहा-सात वर्षांची, रक्ताच्या आजारानं केस पार गेलेली. तिची आई तिला दूध पाजताना म्हणाली, "स्वल्प पी की गं," आणि मी जागच्या जागी थांबले. त्या वॉर्डात मराठी ऐकू येईल असं मला वाटलंच नव्हतं. पाच पिढ्यांपूर्वी कधीतरी इकडे आलेलं त्यांचं घराणं. महाराष्ट्र तिनं बघितलेला नव्हता, नवरा शहराबाहेर पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लेथवर होता आणि रविवारी पाळी नसली तरच यायचा. तिच्या मराठीत निम्मं कन्नड असायचं. पण मला तेवढंही पुरेसं होतं. ही आपल्यातली, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं. ती मला अक्का म्हणायची.

जानेवारी आला तसं आमच्यातल्या वडीलधाऱ्या काकूंच्या मनात आलं की वॉर्डातल्या सगळ्या मुलांची संक्रांत करायची. काकूंच्या मनात आलं म्हणजे ठरलंच. चार दुपारी आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात शेगडीभोवती बसून हलवा केला. परातीत तीळ हलवत राहायचे, वरून पाक थेंब थेंब सोडायचा, आणि बोटांची सालं निघाली तरी हात थांबवायचा नाही. बंगळूरच्या थंडीत हलव्याला काटा मात्र झकास आला. त्याचे हार ओवले, बांगड्या केल्या, मुकुट केले. आणि मुलींना काळे फ्रॉक, मुलग्यांना काळी झबली शिवली. संक्रांतीला काळं घालतात, त्यावर पांढरा हलवा खुलतो, यात आम्हाला विचार करण्यासारखं काही दिसलंच नाही. आमच्यापैकी एकीलाही नाही, आणि आम्ही सगळ्या पदवीधर.

वॉर्डात पहिला फ्रॉक पिशवीतून बाहेर आला आणि बायका आपापल्या मुलांकडे सरकल्या. एकीनं पोराच्या अंगावरची चादर गळ्यापर्यंत ओढली. दुसरीनं मुलाचं तोंड भिंतीकडे फिरवलं. काकूंना वाटलं लाजतायत. त्या हसत हसत पुढे झाल्या, आणि मी खिडकीजवळच्या खाटेपाशी गेले. इथे तरी समजावून सांगावं लागणार नाही, ही माझी खात्री.

मुलीनं हात पुढे केले होते. आईनं ते दोन्ही हात धरून खाली दाबले.

"अक्का, काळं नको. आजारी पोरीला काळं घालतात काय कोण?"

मुलगी रडायला लागली. सलाइनची सुई हलली, नर्स धावत आली, आणि हलव्यानं मुंग्या लागतील म्हणून तिनं आम्हाला पिशव्यांसकट बाहेर काढलं. जिन्यात काकू म्हणाल्या, अडाणी आहेत. मला त्यांचा संताप आला. खरं तर सगळ्यांचाच आला होता, त्या आईचासुद्धा. बाकीचे फ्रॉक काकूंनी कुठे कुठे वाटून टाकले. तो एक मी माझ्याकडे ठेवला.

पुढच्या गुरुवारी मुलीनं मला जवळ बोलावून हळूच विचारलं, तो आणलास? मी आणला होता. मग मी आईची समजूत घालू लागले. काळ्यानं ऊब राहते, आमच्याकडे तान्ह्या बाळालासुद्धा घालतात, रंगानं कुणाचं काही होत नाही. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचं सरी आहे, बरोबर आहे, अक्का. पण हिला बरी होऊ दे. बरी झाली की घालीन. रोज घालीन."

हे मुलीनं ऐकलं आणि पकडून ठेवलं. त्या दिवसापासून ती दूध प्यायला लागली. गोळ्या कुरकुर न करता गिळायची, सुई टोचताना डोळे मिटून पडायची, आणि मी गेले की पिशवीकडे बोट दाखवून विचारायची, अजून किती? आई मला मागून खुणावायची, सांगा थोडेच दिवस म्हणून. मी सांगायची. नर्ससुद्धा सांगायची. मला त्या काळात फार बरं वाटायचं. गोळी जे करते त्यात फ्रॉकही हातभार लावतोय, असं मी घरी सगळ्यांना ऐकवत होते. मुलगी मात्र दर गुरुवारी आणखी हलकी झालेली दिसायची.

मग एका गुरुवारी गेले तर तिचा बाप आलेला. आठवड्याच्या मधल्या दिवशी, कामाचा शर्ट अंगात तसाच. खाटेखाली डबा आणि कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवलेलं. आई उठून माझ्याकडे आली आणि तिनं हात पुढे केला.

"अक्का, तो फ्रॉक द्या."

डॉक्टर म्हणाले, घरी घेऊन जा, ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीवाल्याशी बोलावं तसा. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच:

"नको. काळं नको."

इतके दिवस तिला शहाणपण शिकवणारी मी. तिनं अजून भ्यावं, हट्टानं नको म्हणावं, असं मला जिवाच्या आकांतानं वाटत होतं. तिनं माझ्या पिशवीत स्वतःच हात घातला. फ्रॉक काढला, झटकला, आणि मुलीच्या डोक्यातून सावकाश खाली ओढला. तो आता खांद्यांवरून घसरत होता. आईनं मागे गाठ मारून तो बसवला.

मुलगी स्वतःकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, म्हणजे मी बरी झाले? आईनं मान डोलावली आणि गाठोडं उचलायला वाकली. वाकलेली ती बराच वेळ वर आली नाही.

बापानं मुलीला कडेवर घेतलं. दाराकडे जाता जाता ती प्रत्येक खाटेपाशी त्याला थांबवत होती आणि कन्नडमध्ये सांगत होती, मी बरी झाले, घरी चालले. संक्रांतीला जिनं पोराचं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं, तिनंही फ्रॉकवरून हात फिरवला आणि हो म्हटलं. सगळ्यांनीच म्हटलं. मी दाराशी उभी होते. माझ्यापाशी आल्यावर तिनं तेच मराठीत सांगितलं, आणि उत्तरासाठी माझ्याकडे बघत राहिली.

मी हो म्हटलं.