कवळीवाल्याचं वाक्य

दाताच्या दवाखान्यामागच्या खोलीत तो बावीस वर्षं कवळ्या घडवत होता. प्लास्टरचा साचा पुढ्यात घ्यायचा, मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा. कुणी चढ्या आवाजात बोललं तरी मान खाली. "लोकांना दात देतो, स्वतःचे कधी दाखवत नाही," अशी डॉक्टर त्याची थट्टा करायचे.

मोबाइल हातात आला की मात्र याच माणसाला कंठ फुटायचा. टोपणनावाच्या आडून तो कुणाचीही सालं काढायचा. कुणाचं पोट, कुणाचं गाणं, कुणाची नवी साडी. एखादं वाक्य झकास जमलं की जेवताना घरात वाचून दाखवायचा. बायको "पुरे हो" म्हणत हसू दाबायची. बारा वर्षांची लेक खदाखदा हसायची. दिवसभर हो-हो करून आलेल्या बापाला ते हसू फार गोड लागायचं.

एकदा बातम्यांत कुणी माणूस अडखळत बोलत होता. त्याखाली यानं लिहिलं, "याचं वाक्य पुरं होईपर्यंत ऐकणाऱ्याचे दात पडतील." त्या दिवशी लेकीला हसून हसून ठसका लागला होता.

दोन महिन्यांनी शाळेतून बोलावणं आलं.

लेकीच्या वर्गातली एक मुलगी बोलताना अडखळायची. तिचा कविता म्हणतानाचा व्हिडिओ कुणीतरी वर्गाच्या ग्रुपवर टाकला होता. बाईंनी मोबाइल पुढे केला. व्हिडिओखाली लेकीच्या नावानं तेच वाक्य होतं; 'याचं'ऐवजी 'हिचं', बाकी अक्षर न् अक्षर तेच. त्याखाली सगळ्या वर्गानं तिची री ओढली होती. तीन आठवडे झाले, त्या मुलीनं तोंड उघडलं नव्हतं. घरातसुद्धा नाही.

"कुठून शिकलीस हे?" बाईंनी विचारलं.

लेकीनं एकदाच बापाकडे पाहिलं. "मलाच सुचलं."

कवळीवाल्यानं मान खाली घातली.

"वडील इतके सज्जन, आणि तू अशी," बाई म्हणाल्या. पंधरा दिवस शाळेत यायचं नाही, असं ठरलं.

वाटेत त्यानं विचारलं, "माझं नाव का नाही सांगितलंस?"

"वाटलं, तुम्ही सांगाल, बाबा."

पुढचे चार दिवस त्याच्या हातून एक कवळी धड झाली नाही. पाचव्या दिवशी दुपारी तो त्या मुलीच्या घरी गेला. तिचा बाप इस्त्रीवाला, घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. आतल्या दारात मुलगी उभी होती. बापानं तिला विचारलं, "पाणी हवं का?" तिनं मान हलवली आणि आत गेली.

"ते वाक्य माझं होतं," कवळीवाला म्हणाला. "पोरीनं माझंच उचललं."

इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी ठेवली. "शाळेत तुम्ही होतात ना? तुमच्या पोरीला शिक्षा झाली तेव्हा?"

"होतो."

"मग मला काय सांगता? जा."

तो तिथून थेट शाळेत गेला आणि सगळं सांगून टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं; शिक्षा तेवढीच राहिली. मग त्यानं मोबाइलवर खऱ्या नावानं माफी लिहिली. त्याखालीही लोकांनी हसरे चेहरे टाकले, आणि एकानं त्याच्या पोरीविषयी असं काही लिहिलं की त्याला ते शेवटपर्यंत वाचवेना.

इस्त्रीवाल्याच्या मुलीनं शाळा सोडली. ती पुन्हा बोलायला लागली की नाही, हे त्याला कधीच कळलं नाही. विचारायचं कोणत्या तोंडानं?

लेक शाळेत जाते, पण तिच्या बाकावर दुसरं कुणी बसत नाही. घरी आली की दप्तर ठेवायच्या आधी ती बापापुढे हात पसरते.

"मोबाइल द्या."

तो देतो. आज बाबांनी कुठे काय लिहिलं, ते ती एकेक करून वाचते. सगळं वाचून झालं की मोबाइल मेजावर ठेवते आणि आत जाते.