दीड एकराचं अस्वल

आमच्या घरात कचरा नव्हता. ही स्वच्छतेची फुशारकी नव्हे, तक्रार आहे!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी मुलगी पूनम ओतूरच्या शाळेत तिसरीत होती. एका शनिवारी तिच्या बाईंनी फर्मान काढलं : सोमवारी प्रदर्शन, प्रत्येकाने घरच्या टाकाऊ सामानातून टिकाऊ वस्तू करून आणायची. प्रत्येकाने म्हणजे प्रत्येकाच्या बापाने! तिसरीतल्या पोरीला धड कात्री धरता येत नाही, हे बाईंना माहीत नव्हतं होय? पण बोलायची सोय नाही. रविवारी सकाळी मी चहाचा कप तोंडाला लावतोय, तर पूनम समोर हजर.

"पप्पा, मला अस्वल पाहिजे. काळं. माझ्या कमरेएवढं."

"फुलदाणी करू की. बांगड्यांची. पटकन होते."

"फुलदाणी सगळेच आणतात. मला अस्वलच."

एवढं बोलून तिने डोळे भरून घेतले. मी कप खाली ठेवला आणि टाकाऊ वस्तू शोधायला उठलो.

पत्र्याचा गंजका डबा उचलला, तर आई परसातून ओरडली, "ठेव त्यो! कोंबड्यांना पाणी कशात ठिवू?" फुटकी बादली घेतली, तर तिच्यात कोथिंबीर उगवलेली. फाटकं लुगडं गोधडीसाठी राखून ठेवलेलं. शेवटी अंगठा तुटलेली एक चप्पल दिसली. तिला हात लावला तोच अण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्यावरून गरजले, "आरं, तिचा पट्टा दाराच्या बिजागरीला लावायचाय!"

"मग या घरात टाकाऊ आहे तरी काय?" मी ओरडलो.

सुनंदा, माझी बायको, चुलीपाशी भाकरी थापत होती. ती नुसती मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. मीही तो विषय वाढवला नाही.

अखेर उंदरांनी कुरतडलेलं एक पोतं सगळ्यांच्या संमतीने माझ्या पदरात पडलं. तेही आईने दोनदा उलटंपालटं करून बघितलं आणि मगच सोडलं. मी ते कापलं, दाभणाने शिवलं, आत गव्हाचं भूस कोंबलं. अस्वल उभं राहिलं. पण रंग? काळा रंग आणायचा कुठून? इतक्यात माझी नजर माळ्यावर गेली.

माळ्यावर अण्णांचे दोन सारखेच डबे होते. दोन्हींत कांद्याचं घरचं बी. काळंभोर, बारीक, चकचकीत! एका डब्यात यंदाचं, आणि दुसऱ्यात मागच्या वर्षी उरलेलं. कांद्याचं बी वर्षाच्या वर गेलं की उगवत नाही, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही कळतं. म्हणजे जुनं बी अस्सल टाकाऊ! नेमकं कोणतं जुनं, हे विचारायला अण्णा घरी नव्हते. तोवर ते मढला एका साखरपुड्याला निघून गेले होते.

"अण्णांना येऊ द्या, त्यांना विचारून घ्या," सुनंदा म्हणाली.

"विचारायचं? मी? अगं, शेतकऱ्याचा पोरगा आहे मी! कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करतो म्हणून काय रक्त बदललं का?"

अण्णांची पद्धत मी लहानपणापासून बघत होतो. बी दाताखाली धरायचं. तिखट लागलं तर जिवंत, नाही लागलं तर मेलेलं. मी पहिल्याच डब्यातले चार दाणे तोंडात टाकले, डोळे मिटले आणि अगदी अण्णांसारखं जाणतं तोंड करून चावले. काहीही लागलं नाही! (मला सर्दी झाली होती, नाक गच्च चोंदलं होतं. पण बी ओळखायला नाक कशाला लागतंय?)

"मेलंय!" मी जाहीर केलं.

सुनंदाने कणकेची खळ शिजवून दिली. पूनमने पोत्याला खळ फासायची, मी त्यावर बी थापायचं. डबा रिकामा झाला आणि काय अस्वल झालं हो! उन्हात धरलं की अंगावर चकाकी यायची. डोळ्यांना सदऱ्याची बटणं, जिभेला लाल टिकली. पूनम त्याच्या गळ्यात पडायची तेवढी राहिली होती, खळ ओली म्हणून मीच तिला आवरलं.

सोमवारी मी ऑफिसात रजा टाकली आणि अस्वल सायकलच्या कॅरिअरला बांधून शाळेत नेलं. बघतो तर काय, सगळीकडे बांगड्यांच्या फुलदाण्याच फुलदाण्या! गर्दी मात्र आमच्या अस्वलापुढे. परीक्षक म्हणून एक रिटायर झालेले चित्रकलेचे गुरुजी आले होते. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "वा! हे काळं काय लावलंय?"

"मी सांगतो," असं म्हणून पूनमला मागे सारत मीच पुढे झालो. "कांद्याचं मेलेलं बी, गुरुजी! शंभर टक्के टाकाऊ!"

"कोन म्हनतो मेलेलं?"

हा आवाज दारातून आला. दारात अण्णा उभे होते. पायाला चिखल, खांद्यावर खोरं. सकाळीच त्यांनी रोपासाठी वाफे पाडले होते, पाणी दिलं होतं, आणि बी टाकायला म्हणून डबा उघडला तर आत खडखडाट! आईने त्यांना शाळेचा रस्ता दाखवला होता.

ते सरळ अस्वलाकडे गेले. त्याच्या खांद्यावरून चिमूटभर बी खरवडलं, दाताखाली धरलं. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, ते तिखटाने की माझ्यामुळे, देव जाणे.

"बाई," ते पूनमच्या बाईंना म्हणाले, "ह्ये अस्वल न्हाई. ह्ये माझं दीड एकराचं रान हाय! दिसभरात वाफ्यात न्हाई गेलं तर औंदा कांदा न्हाई!"

"अण्णा, लोकांपुढे काहीतरी बोलू नका," मी चिडून म्हणालो. "मी स्वतः चावून बघितलंय. गुरुजी, तुम्हीच बघा!"

गुरुजींनी दाणे चावले. "आई गं!" म्हणून त्यांनी रुमाल काढला. बाईंनी चावले, त्या पाण्याच्या पिंपाकडे धावल्या. सगळ्यांची तोंडं लाल! मी पुन्हा मूठभर चावलं. काही नाही! आणि नेमकी त्याच वेळी मला शिंक आली. अशी शिंक, की शेजारची फुलदाणी आडवी झाली.

"सर्दी झालीय ह्याला," अण्णा सावकाश म्हणाले. "आनि हा बी पारखतोय!"

सगळी शाळा हसली. बरं, हसा! पण खरी रड पुढेच होती. अण्णांनी अस्वल बगलेत मारलं, तशी पूनमने त्याचे पाय धरले. "माझ्या अस्वलाला सोलायचं नाही!" आजा ओढतोय, नात ओढतेय, मधे अस्वल. मला वाटलं, आता बाप म्हणून काहीतरी शहाणपणाचं बोलावं. मी तोंड उघडलं आणि पुन्हा शिंकलो.

शेवटी अण्णाच खाली बसले. "बाळे, सोलीत न्हाई त्येला. रानात झोपवू. दहा-बारा दिसांत हिरवंगार व्हऊन उठंल. बघशील तू."

"शप्पथ?"

"ओझरच्या गणपतीची शप्पथ."

पूनमने पाय सोडले. गुरुजींनी आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. पहिला नंबर कुणाला? बांगड्यांच्या फुलदाणीला! (अजून माझं डोकं फिरतं!)

घरी अण्णांनी अस्वलाची शिवण उसवली, भूस म्हशीपुढे टाकलं आणि बी चिकटलेलं कातडं तुकडे करून वाफ्यांत अंथरलं. एका वाफ्यात पोट, दुसऱ्यात पाठ, बांधाच्या कडेला दोन्ही पाय. वरून माती भुरभुरवली, पाणी दिलं. पूनम रोज शाळेतून आली की दप्तर टाकून वाफ्यांकडे पळायची. मीही जायचो, पण ती नसताना. उगवलं नाही तर तिला काय तोंड दाखवू, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता.

आणि उगवलं की राव! लई दाट, लुसलुशीत, एकेका अवयवासकट! आजूबाजूचे शेतकरी मुद्दाम बघायला यायचे आणि पूनम त्यांना बांधावरून हिंडवत सांगायची, "हे पोट, हे कान. पप्पांनी केलंय." माझ्या छातीत काय तो अभिमान दाटून आला! आता तरी अण्णा चार बरे शब्द बोलतील, असं वाटलं.

बोलले! पुढच्या वर्षी रोप टाकायच्या आधी त्यांनी मला मुद्दाम हाक मारून बोलावलं, चार दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, "चाव."

मी जाणतं तोंड करून चावले. या वेळी सर्दी नव्हती, काही नव्हतं. बराच विचार करून म्हणालो, "मेलेलं वाटतंय."

"झ्याक!" अण्णा म्हणाले आणि त्याच बियाचा डबा नि खोरं घेऊन वाफे पाडायला निघाले.