बॉलसोबत आलेला कागद

"जोरच नाई राहिला गा तिच्या हातात. बॉल बिचारा का करन?"

मोठेबाबांचं हे बोलणं पुढच्या छपरीतून आत आलं तेव्हा आई आणि मी स्वयंपाकघरात होतो. आई गंजात, म्हणजे पातेल्यात, तांदूळ धुवत होती. तिनं मान वर केली नाही, फक्त गंज उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. आमच्या घरात धानापासून दवाखान्यापर्यंत सगळं त्यांच्या शब्दावर चालतं. त्या दिवशी देवरीकडचे एक सोयरे आले होते आणि मोठेबाबा त्यांना मनगटाच्या व्यायामाचा बॉल दाखवत होते.

"हा तं भुंग्यासारखा वाजते," सोयरे म्हणाले.

"मंग. माह्या हातात पाहा कसा फिरते. घरच्या लहानीसाठी ठेवला, तं तिच्याच्यानं होत नाई."

लहानी म्हणजे माझी आई. भिंतीच्या अलीकडे ती बसली आहे, हे त्यांना माहीत होतं.

मी सौंदडजवळच्या आमच्या गावातून रोज बसनं इंग्रजी शाळेत जायचे. आता गोंदियात शिकते, फुलचूरला खोली आहे, शनिवारी गाडीनं घरी येते. शाळेत मी घरच्यासारखं बोलले की मुली हसत, घरी शाळेतल्यासारखं बोलले की चुलतभाऊ हसे. मग मी दोन्हीकडे कमी बोलायला शिकले. नातेवाईक याला चांगलं वळण म्हणत.

आईचा हात उन्हाळ्यापासून बिघडला होता. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं सुन्न पडायची. पहाटे ती अंथरुणात उठून बसे आणि ओल्या हाताचं पाणी झटकावं तसा हात झटकत राही. कप सुटायचे. ब्लाऊजचे हुक तिला लावता येईनात. मी घरी असले की पाठ करून उभी राहायची, "लाव वो बाई" म्हणायची. मी नसताना ती काय करत होती, हे मी कधी विचारलं नाही.

बॉल मागवला होता चुलतभावानं. त्याला जिममध्ये दंड आणि मनगटं कमवायची होती. पंधरा दिवसांत त्याचं मन उडालं आणि बॉल खिडकीत पडून राहिला. आईच्या हातून एकदा दुधाची गंजी सांडली, तेव्हा मोठेबाबांना तो आठवला. हातात जोर कमी झाला म्हणजे जोर वाढवायचा, इतका साधा तो विचार होता. बाबा म्हणाले, "दादा सांगतेत तं करून पाहू." रोवणी, म्हणजे धानाची लावणी, तोंडावर होती. दवाखाना म्हणजे गोंदिया, गोंदिया म्हणजे अख्खा दिवस. बॉलनं सगळ्यांचीच सोय झाली.

बॉलसोबत आलेला कागद इंग्रजीत होता. मला मोठेबाबांची हाक आली.

"ये वो बाई, इंग्लिश शाळेत कायले घातलं तुले? वाच हे."

मी वाचलं. दोरीचं टोक आतल्या चाकाच्या भोकात घालायचं, दोरी गुंडाळायची, झटक्यानं ओढायची. आतलं चाक फिरू लागलं की मनगट गोल फिरवत राहायचं. चुलतभावानं करून दाखवलं. निळे दिवे लागले, सगळे खूश झाले. मी कागद उलटा केला. मागच्या बाजूला एका चौकटीत बारीक अक्षरांत चार ओळी होत्या. बोटांना मुंग्या येत असतील, हात सुन्न पडत असेल किंवा मनगट दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा बॉल वापरू नये.

मी थांबले. मोठेबाबांनी विचारलं, "झालं का?"

"मागं पण आहे," मी म्हणाले.

"राहू दे. चालवाचा कसा, तेवढंच पाह्यजे होतं."

मी कागदाची घडी घातली आणि बॅगेत ठेवली. फेकला नाही, हे मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते, जणू तेही काही केल्यासारखंच होतं.

मोठेबाबांनी बॉल खाटेवर ठेवला आणि बाजूला झाले. मग आईनं डोक्यावरचा पदर ओढून तो उचलला. आमच्याकडे भासऱ्याच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, हातातून लहान भावाची बायको काही घेत नाही, त्याच्याशी थेट बोलतही नाही. पंचवीस वर्षं एका घरात राहून आई त्यांच्याशी एक वाक्य बोललेली नाही. तिला सांगायचं असेल ते कोणीतरी मध्ये राहून सांगायचं. बाबा सांगत, नाहीतर मी. मी शाळेत जायला लागले तशी ते काम माझ्याकडेच आलं. "आई म्हणते, मीठ संपलं." "आई म्हणते, मामाकडे जाऊ का?" एवढं मी बोलायचे.

आई मागच्या अंगणात गोठ्याजवळ उभी राहून रोज सकाळी बॉल फिरवू लागली. दोरी तिला ओढता यायची नाही. चुलतभाऊ बॉल सुरू करून तिच्या तळहातावर ठेवायचा. दीड-दोन फेरे व्हायचे आणि आतलं चाक खडखडून बंद पडायचं. "काकू, पकडा नं घट्ट," तो म्हणायचा. ती पकडायची. तिच्या बोटांना पकडलं आहे की नाही तेच कळत नव्हतं.

मी एकदा तो फिरवून पाहिला. हात जितका जोरात फिरवाल तितका तो उलटा ओढतो आणि त्या ओढाताणीत हात घट्ट होत जातो. ज्याची पकड सैल, त्याच्याशी तो झगडतच नाही. मोठेबाबांच्या हातात तो मिनिट-मिनिट गरगरायचा. आल्यागेल्याला ते दाखवायचे. त्या घरात ज्याच्या हातात आधीच जोर होता, त्याचाच त्या बॉलनं वाढवला.

एका रविवारी हुक लावून घेताना आई पाठमोरीच म्हणाली, "तू सांग नं वो त्याहिले. बोटं मुर्दाड पडून राहिली माही. बॉल फिरवला का दिवसभर हात ठणकते."

"सांगते," मी म्हणाले.

मी छपरीत गेले. मोठेबाबा टीव्हीवर बातम्या पाहत होते. त्यांनी आवाज कमी केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"का वो?"

"चहा ठेवू का?" मी विचारलं.

"ठेव."

मी चहा ठेवला. आईनं मला काही विचारलं नाही. कप भरताना ती शेजारीच उभी होती. तिनं फक्त एक कप जास्त काढून ठेवला, चुलतभावासाठी.

मग रोवणी लागली. मी शनिवारी आले तेव्हा सगळे बांधीत, धानाच्या शेतात, होते. आई रोवायला नेहमी ओळीच्या कडेला असायची, कारण बाकीच्या बाया तिच्या वेगानं चालत. त्या दिवशी ती मध्ये होती, मागे पडलेली, आणि डाव्या हातानं रोवत होती. पऱ्ह्याची, म्हणजे रोपांची, पेंडी उजव्या हातातून सुटून चिखलात पडायची.

"काऊन वो वयनी, बॉल खेळून खेळून थकल्या का?" एक बाई म्हणाली. बाया हसल्या. आईही हसली.

"आमालेबी द्या एखाद दिवस, आमीबी खेळून घेतो," दुसरी म्हणाली. पण तीच बाई नंतर आईच्या शेजारी सरकली आणि आईनं लावलेली जी रोपं आडवी पडत होती ती न बोलता पुन्हा खोचत गेली. ती परकी बाई. मी बांधावर उभी होते, पायात चपला घालून.

त्या संध्याकाळी आई हाताला तेल लावत बसली होती. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. डाव्या हाताच्या अंगठ्याखाली मांसाचा उंचवटा होता. उजव्या हाताला त्याच जागी खळगा होता. दोन हात दोन वेगळ्या बायांचे असावेत असे दिसत होते. मी फोनवर शोधलं. कळायला दोन मिनिटं लागली. मनगटात नस दाबली जाते, वेळेत उपचार केले नाहीत तर अंगठ्याचं मांस झडत जातं आणि पकड जाते. त्या दोन मिनिटांसाठी मी दोन महिने लावले होते, आणि त्या दोन महिन्यांत फोन दिवसभर माझ्या हातातच होता.

मी बाबांना सांगितलं. ते "दादाले विचारतो," म्हणाले. पुढच्या शनिवारी मी आले, तरी विचारलेलं नव्हतं. बाबांवर चिडायची मला सोय नव्हती. मी त्यांचीच मुलगी होते.

नंतर काय झालं तेही इथेच सांगते. गोंदियाच्या डॉक्टरांनी आईचा अंगठा दाबून पाहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पहले क्यों नहीं लाए, बेटा?" ऑपरेशननं नस मोकळी होईल, मुंग्या थांबतील, पण जे मांस गेलं ते परत येईल असं सांगता येत नाही, असं ते म्हणाले. आईला हिंदी चांगलं समजतं. तरी बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "का म्हणे?" मला वाटतं, मी सांगते का, हे तिला पाहायचं होतं.

तर सुरुवातीला सांगितलेल्या त्या दिवशी सोयरे छपरीत बसले होते आणि त्यांनी साधंच विचारलं, "दवाखान्यात नाई दाखोलं का?"

"कायले? घरातच व्यायाम चालू हाये. मन लावून करत नाई, बाया अशाच," मोठेबाबा म्हणाले.

आईनं तांदळाचा गंज चुलीवर ठेवायला उजवा हात लावला आणि तो सुटला. पाणी, तांदूळ सगळं जमिनीवर गेलं. आवाज बाहेर पोचला असणार.

"पाहा," मोठेबाबा म्हणाले. "हेच सांगून राहिलो तुमाले."

आई खाली बसली आणि डाव्या हातानं तांदूळ गोळा करू लागली. उजवा हात तिनं पदराखाली घेतला होता, घरात कोणी परकं पाहत असावं तसा. मी तिला मदत करायला वाकले नाही. बॅगेतून कागद काढला. घड्यांवर तो फाटायला आला होता. मी छपरीत गेले.

मोठेबाबांच्या हातात बॉल अजून फिरत होता. "चहा आणून राहिली का वो?" त्यांनी विचारलं.

मी कागद त्यांच्यापुढे खाटेवर ठेवला, मागची बाजू वर करून.

"मोठेबाबा, याच्यात लिहून हाये, ज्याचे बोटं सुन्न पडतेत त्यानं डॉक्टरले विचारल्याबिगर हा बॉल फिरवू नये. आईचे बोटं उन्हाळ्यापासून सुन्न हायेत. तिनं तुमाले सांगाले सांगतलं होतं मले."

सोयरे खाली पाहू लागले. चाक हळू होत गेलं, दिवे विझले. मोठेबाबांनी कागद उचलला नाही. ते रागावतील असं मला वाटलं होतं, पण ते खरंच न समजल्यासारखे माझ्याकडे पाहत होते.

"तूच तं वाचला होता हा कागद. तवा काऊन नाई सांगतलं?"

आत तांदूळ गोळा करायचा आवाज थांबला होता.

"भेली मी तुमाले म्हणून," मी म्हणाले. "उद्या सकाळच्या गाडीनं मी आईले गोंदियाले घेऊन जाऊन राहिली."