जीपच्या छताला नेफा

जाईबाईला वीज कळत नसे, असं म्हणणं तिच्यावर अन्याय करणारं होईल. वीज आमच्या नेकनुरात कुणालाच कळत नव्हती. ती आली तर का आली आणि गेली तर का गेली, हे खांबावर चढणाऱ्या वायरमनलाही सांगता येत नसे. फरक इतकाच, की बाकीचे लोक काही न कळताही बटण दाबून मोकळे होत, आणि जाईबाई बटणाशी थांबून विचारी, "हे असं कावून?" उत्तर मिळेपर्यंत ती समोरच्याला सोडत नसे. त्यामुळे गावातले निम्मे जाणकार ती दिसली की गल्ली बदलत.

तिचं स्वतःचं ज्ञान एका गोष्टीपुरतं होतं, पण त्या गोष्टीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती परकर शिवायची. पंचवीस वर्षं. बाईकडे एकदा बघून तिला घेर कळे आणि नाडी किती लागेल ते कळे. गावातल्या दोन पिढ्यांचे परकर तिनं नाडीसाठी शिवलेल्या नेफ्यावर सुखरूप टिकून होते, आणि यापेक्षा मोठी सार्वजनिक जबाबदारी तालुक्यात कुणावर असेल असं मला वाटत नाही.

नऊ बायकांनी मिळून काढलेल्या शिलाई सहकारी संस्थेत ती सभासद होती. अध्यक्ष विमलबाई. मशिनी सहा, त्यातल्या चालू चार. मी संस्थेचे कागद लिहून देत असे, म्हणून मला हे आतलं ठाऊक. दोन हजार तीन साल होतं आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. टँकर येण्याआधी घागरींची रांग लागे आणि जनावरं छावणीत होती. अशा साली नवा परकर कोण शिवतो? जुन्यालाच ठिगळ लावून लोक भागवत होते. शाळेचे गणवेश जूनमध्ये शिवून संपले, त्यानंतर मशिनींवर नुसती धूळ. सभा मात्र वेळेवर होत. पाऊस पडो न पडो, सहकारात सभा होतेच.

आता जाईबाईचा खरा घोर सांगतो. दर वर्षी दसरा झाला की ती आणि तिचे मालक हरिबा उसाच्या तोडीला जात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा मुकादमाचा हिशेब. सतरा हंगाम त्यांनी असे काढले होते. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणार. सतरा वर्षांच्या मोळ्या जाईबाईच्या गुडघ्यांत येऊन बसल्या होत्या. परकर शिवायचा तो पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात. या वर्षी तिनं सांगून टाकलं, मी येणार न्हाई.

हरिबा हा फार भला माणूस. कुणाला नाही म्हणणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. बायकोला तो म्हणाला, बरं. मुकादम सर्जेरावालाही तो म्हणाला, बरं. दोन्हीकडे बरं म्हटल्यावर नेमकं काय ठरलं, ते त्यालाच कळेना. शेवटी विमलबाईनं मध्ये पडून गोष्ट सरळ केली. संस्थेला उन्हाळ्यापर्यंत पुरेल असं काम मिळालं, तर दोघंही गावात राहतील, हरिबा कापड बेतायला बसेल. नाही मिळालं, तर दसऱ्यानंतरच्या बुधवारी ट्रक उभा राहील, त्यात दोघंही बसतील.

काम आलं ते जीपमधून. बीड-नेकनूर मार्गावर काळ्या-पिवळ्या जीपा चालायच्या, आणि त्यांच्या मालकांनी सहकारी संस्था काढली होती. तिचे अध्यक्ष भगवानराव. त्यांचं दुखणं होतं जीपचं छत. मागच्या दिव्याची वायर छताखालून लोंबायची. माणसं दाटीवाटीनं बसणार, कुणाच्या डोक्यावर पाटी, कुणाच्या खांद्यावर काठी. नारायणगडाच्या जत्रेच्या दिवशी एका म्हाताऱ्याचा पटका वायरीत गुंतला आणि तो खाली उतरला तेव्हा जीपचा दिवाही त्याच्याबरोबर उतरला. प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावून पाहिल्या, त्या पहिल्याच खड्ड्यात निसटल्या. डिंकानं चिकटवून पाहिलं, वैशाखात डिंक पाघळून प्रवाशांच्या केसांत उतरला. भगवानराव हे सगळं विमलबाईला जीपमध्येच सांगत होते, कारण विमलबाईच्या केसांत अजून थोडा होता.

विमलबाई म्हणाली, आमच्या बाया अस्तर शिवून देतील, वायरीला जागा ठेवून. झग्याला अस्तर असतं तसं जीपला. भगवानरावांना झगा आणि जीप यांचा संबंध कळला नाही, पण ते हो म्हणाले. एका जीपचं छत नमुन्याला शिवायचं. पसंत पडलं तर बावीस जीपा. नाही पडलं तर ते शहरात दुसरीकडे बघणार.

वीज समजावून द्यायला माणिकराव आला. हा रेडिओ दुरुस्त करायचा आणि जीपांचं वायरिंगही. त्यानं खडूनं फरशीवर जीप काढली, पुढं बॅटरी, मागच्या कडेला दिवा. दिव्याला दोन वायरी लागतात, हे ऐकून जाईबाईनं त्याला धरला.

"दोन कावून, भाऊ?"

"एकीतून करंट जातो, दुसरीतून परत येतो."

"जिथनं गेला तिथंच परत येतो?"

"हां. तिथंच."

"मग गेला कशाला?"

माणिकरावानं खडू बॅटरीपासून दिव्यापर्यंत पुन्हा एकदा फिरवला आणि परत आणला. वीस वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि आता विचारल्यावर त्याचंही मन थोडं हललं. बाई, तुमी शिवा, जोडायचं मी बघतो, असं म्हणून तो उठला.

जाईबाई रेक्झिन घेऊन बसली. तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती. जिथून जाते, फिरून तिथंच परत येते, अशी जगात एकच वस्तू आहे, ती म्हणजे नाडी. तिनं अस्तराच्या चारी कडांना सुरेख नेफा घातला. वायरीच्या टोकाला सेफ्टीपिन लावली, पुढच्या कोपऱ्यातून आत घातली आणि बोटांनी सरकवत सरकवत चारी बाजू फिरवून पुन्हा पुढच्याच कोपऱ्यातून बाहेर काढली. दोन्ही टोकं शेजारी शेजारी. वायर कुठून दिसत नव्हती, ओढली तरी लोंबत नव्हती. चार चार बोटांवर तिनं वायर सरकेल असा सैल आडवा टाकाही घातला होता. नऊ बायकांनी हात फिरवून पाहिलं आणि असं छत कुणाच्या घरालासुद्धा नाही, असं सर्वानुमते ठरलं. तसं मी लिहूनही ठेवलं.

सोमवारी छत जीपला बसवलं. माणिकरावानं पुढच्या कोपऱ्यात दोन टोकं पाहिली. त्याला वाटलं, दिवा जोडलेला आहे, ही त्याची जाणारी आणि येणारी. त्यानं दोन्ही बॅटरीला लावली. फाटकन ठिणगी उडाली, फ्यूज गेला, जळका वास सुटला आणि भगवानराव जीपमधून बाहेर पडले ते थेट रस्त्याच्या पलीकडे.

मग जो गोंधळ झाला तो समजायला मलाच पुढे दोन दिवस लागले. माणिकराव विचारत होता, दिवा कुठं आहे. जाईबाई म्हणत होती, दिवा तर तुमच्या पिशवीत आहे. आणि तो खरंच त्याच्या पिशवीत होता. वायर दिव्यापर्यंत गेलीच नव्हती, किंवा गेली होती, पण नेफ्यातल्या नेफ्यात त्याच्या जागेवरून गुपचूप निघून आली होती. भगवानराव पलीकडून ओरडून विचारत होते की छत शिवलंय का परकर. याला काय उत्तर द्यावं ते विमलबाईला कळेना, कारण दोन्ही खरं होतं. हरिबा तिथंच होता. तो भगवानरावांनाही बरं म्हणाला.

बुधवारी सकाळी पुन्हा बघतो, त्यापुढं वेळ नाही, असं सांगून भगवानराव गेले. बुधवारीच ट्रकही होता. हरिबानं घरी जाऊन भांडी पोत्यात भरायला घेतली. जाईबाईनं त्याला अडवलं नाही.

मंगळवारी विमलबाईचं म्हणणं पडलं की नेफा उसवावा आणि दिव्यापर्यंत सरळ पट्टी शिवावी. कात्री तिनं हातात घेतलीसुद्धा होती. जाईबाई जीपमधून उतरवलेलं अस्तर मांडीवर घेऊन बसली होती. बोटं मागच्या कडेवरून फिरत होती, जिथं दिवा यायचा तिथं येऊन थांबत होती, पुन्हा फिरत होती. मग ती म्हणाली, उसवायचं कशाला, काज करू.

विमलबाईला वाटलं, घोरानं हिचं डोकं चळलं. छताला काज, मग काय गुंडी लावायची? पण जाईबाईनं दिव्याच्या जागी नेफ्याला बोटभर चीर दिली, तिची कड दाट टाक्यांनी बांधून घेतली, आणि त्या काजातून वायरीचा वेढा चिमटीनं बाहेर ओढला. ओढता येईल एवढी वायर आत होती, कारण नाडी नेफ्यात कधी ताणून भरायची नसते, पोट फुगायला थोडी जागा ठेवायची असते. माणिकरावाला बोलावलं. त्यानं वेढा कापला, दोन टोकं झाली, ती दिव्याच्या दोन खिळ्यांना लावली. अस्तर पुन्हा जीपला चढवून पुढची दोन टोकं बटणातून बॅटरीला. दिवा लागला.

"मधी सांधा एक पण न्हाई," माणिकराव म्हणाला. तो छताकडे बघत होता. "आमी चार सांधे करतो. तेच सुटतात."

"आता कळलं का, गेला कशाला?" जाईबाईनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. माणिकराव म्हणाला, न्हाई.

बुधवारी स्टँडवर एका बाजूला सर्जेरावाचा ट्रक आणि दुसऱ्या बाजूला भगवानरावांची जीप. ट्रकमध्ये बिऱ्हाडं चढत होती. हरिबा जागा धरायला म्हणून आधीच पोत्यावर बसला होता. जीपमध्ये भगवानरावांनी परीक्षेसाठी अठरा माणसं भरली. पाट्या, काठ्या, एक पटकेवाले आजोबा मुद्दाम. दिवसाउजेडी दिवा लावला आणि जीप नारायणगडाच्या बाजूच्या खडीवर घातली. जाईबाई आणि माणिकराव मागच्या बाकावर, मी दारात लोंबकळत.

पटका छताला घासत गेला, काही झालं नाही. काठीनं दोनदा टोचलं, काही झालं नाही. येताना ओढ्याच्या खड्ड्यात जीप अशी आदळली की अठरा माणसांची जागा बदलली, आणि दिवा गेला.

भगवानरावांनी जीप थांबवली आणि मान हलवली. माणिकराव पक्कड काढून छत उसवायला उठला. जाईबाईनं त्याचा हात धरला. मग तिनं बोटं छतावर टेकवली आणि डोळे मिटून कडेकडेनं चालवायला लागली. मागून बाजूला, बाजूनं पुढं. माणसं मांड्या आवळून तिला वाट देत होती. पुढच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन ती परत दुसऱ्या बाजूनं मागं आली.

"माज्या नेफ्यात तुटली न्हाई," ती म्हणाली. "तुमचं बटन बघा."

माणिकरावानं बटण उघडलं. आतला स्क्रू निसटून पडला होता. तो त्यानं कसला आणि दिवा लागला. पटकेवाले आजोबा म्हणाले, बाई, माज्या मोटरीची बी वायर बघता का हात लावून.

भगवानरावांनी छतावरून स्वतः बोट फिरवून पाहिलं. बोटाला वायर लागली, आणि ती पार दिव्यापर्यंत लागत गेली. न उसवता आतली तपासणी होते, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात हळूहळू उतरली. बाकीचं शेवटपर्यंत उतरलं नाही. स्टँडवर येऊन ते विमलबाईला म्हणाले, बावीस जीपा, दिवाळीआधी पाच द्या, आणि ठरावात काय लिहायचं ते तुमीच सांगा, आमाला त्या प्रकाराचं नाव घ्यायला लाज वाटते.

जाईबाई ट्रकपाशी गेली. सर्जेराव वरून म्हणाला, चला बाई, तुमच्यामुळं थांबलोय. तिनं त्याच्याकडे न बघता नवऱ्याला सांगितलं, "पोतं घ्या अन् खाली या."

हरिबानं सर्जेरावाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला. आणि या वेळी तो ते एकीलाच म्हणाला असल्यामुळे लगेच उतरला. सर्जेराव बराच वेळ बडबडत राहिला, मग ट्रक निघाला.

दुसरी जीप तोपर्यंत शेजारी येऊन लागली होती. जाईबाई तिच्या बाकावर उभी राहिली आणि मापाची पट्टी तिनं छताला लावली. गुडघा कुरकुरला तसा तिनं हरिबाच्या खांद्यावर हात टेकला आणि पट्टीचं टोक त्याच्या हातात दिलं. तो पोतं पाठीवर तसंच ठेवून टोक धरून उभा होता आणि ते छताच्या कोणत्या बाजूला न्यायचं म्हणून इकडे तिकडे बघत होता.