घरात कोण कोण असतं?

माणूस शहाणा की वेडा हे सांगण्याचा अधिकार सरकारनं आमच्या तालुक्यात एकाच माणसाला दिला होता, आणि गावाचं म्हणणं असं की आधी यालाच तपासा. हे आमचे शेजारचे डॉक्टर. पुण्याकडून वऱ्हाडात बदलून आलेले. भिंतीला भिंत लागून असल्यामुळे पहिली तपासणी माझी झाली. मी ‘या, बसा’ म्हणालो, तर त्यांनी न बसताच आज वार कोणता ते विचारलं. मी पडलो वकील, ‘कशाला हवा?’ म्हणून उलट विचारलं. त्यावर त्यांनी ज्या तऱ्हेनं मान हलवली, ती माझ्या बायकोला फार आवडली.

वेड्यांना विचारायचे प्रश्न ते आधी शहाण्यांना विचारून पाहत. इथल्या शहाण्यांना काय येतं ते कळल्याशिवाय वेड्यांना नापास कसं करणार, हा त्यांचा युक्तिवाद. लग्नाच्या पंगतीत नवरदेवाला शंभरातून सात वजा करायला लावत. डोणगावच्या बाजारात एका भाजीवालीला तेच विचारलं, तर ती वांगी निवडतानिवडताच ‘चार विसा अन् तेरा’ म्हणाली. डॉक्टर हळहळत घरी आले. वीस-विसाचा हिशेब मी समजावून दिल्यावर तसेच परत गेले, त्या बाईची क्षमा मागितली आणि तिची उरलेली सगळी वांगी उचलून आणली. त्यातली निम्मी आम्हाला खावी लागली.

खरी फजिती केली ती आमच्या बोलीनं. पोट धरून आलेला एक शेतकरी म्हणाला, “साहेब, मी मरून राह्यलो.” आमच्याकडे याचा अर्थ एवढाच की जीव चाललाय. डॉक्टरांनी पुणेरी कानानं ऐकलं की हा गृहस्थ मेला आणि मेल्यावर इथंच राहिला. स्वतःला मृत समजणारा रोगी आयता चालून आला म्हणून ते त्याची नाडी त्याच्याच बोटांना लावून, तो जिवंत असल्याचं पटवत बसले. तो बिचारा प्रत्येक मुद्द्याला हाव, हाव म्हणत पोटावरचं औषध मागत होता. तेव्हापासून मात्र शब्दाचा इथला अर्थ विचारून घेतल्याशिवाय ते पुढे सरकत नसत. त्यांची आणखी एक शिस्त कडक होती. रोग्याला उत्तर कुणी सुचवायचं नाही. कुजबुजणाऱ्या नातेवाइकांना ते सरळ बाहेर काढत. “पढवलेला पोपट तपासून मला काय कळणार?” म्हणत.

अशात सुलतानपूरचा नूरचाचा पिंजारी त्यांच्याकडे आला. त्याची बायको वारली होती, आणि कापूस पिंजताना तो तिच्याशी बोलत असे. पुतण्या वाईट नव्हता. पण त्याची नवी बायको त्या गप्पांना भ्यायची. शेवटी चाचाला नागपूरला वेड्यांच्या इस्पितळात पाठवावं असा त्यानं अर्ज केला. नागपूरला गेलेला म्हातारा घरी परतलेला आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. डॉक्टरांनी चाचाला काही दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं आणि सगळ्यांना विचारत तोच प्रश्न विचारला, घरात कोण कोण असतं? चाचा म्हणाला, मी, पुतण्या, सूनबाई अन् माही बायको. ती वारली ना, असं विचारल्यावर तो शांतपणे बोलला, “हाव साहेब, म्याच तं माती देली. मेली हे खरं हाय. पण घरातून कुठी गेली?”

संध्याकाळी ओट्यावर बसून डॉक्टरांनी हे मला सांगितलं, आणि कधी नव्हे ते त्यावर व्याख्यान दिलं नाही.

निकालाच्या दिवशी तहसीलदारांनी स्वतःच चाचाला विचारलं, राज्य कोणाचं? चाचा म्हणाला, “निजामसरकारचं.” सगळे हसले. पुतण्यानं खाली पाहिलं. तेवढ्यात डॉक्टर उठले आणि म्हणाले की उत्तर बरोबर आहे; वऱ्हाड निजामाचं, इंग्रजांनी ते कायमच्या पट्ट्यानं घेतलं आहे, हवं तर या वकिलांना विचारा. वकिलीच्या परीक्षेनंतर मी ते विसरून गेलो होतो, तरी छाती काढून हो म्हणालो. तहसीलदार जरा वरमले. आणखी काही विचारायचं आहे का, असं त्यांनी डॉक्टरांना म्हटलं. डॉक्टरांनी चाचाकडे पाहिलं. घरात कोण कोण असतं, हे विचारल्याशिवाय त्यांनी गावात एकालाही सोडलं नव्हतं. “नाही,” ते म्हणाले, “म्हाताऱ्यापासून कुणाला धोका नाही.” अर्ज निकालात निघाला.

पुढे डॉक्टरांची बदली झाली, आणि नवा डॉक्टर आला की पुतण्या पुन्हा अर्ज करणार हे आमच्या कानावर आलं. त्याही वेळी चाचा सुटला, पण मला सांगायचं आहे ते त्याआधीच्या दुपारचं. सामानाची बांधाबांध तशीच टाकून डॉक्टर मला बैलगाडीत घालून सुलतानपूरला घेऊन गेले. चाचा ओसरीवर गादी भरत होता. डॉक्टर त्याच्याजवळ कापसातच बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “चाचा, नवे डॉक्टर विचारतील घरात कोण असतं. तिघंच सांगायचे. तुम्ही, पुतण्या, सूनबाई. म्हणा बघू.” तेच डॉक्टर, आणि उत्तर पढवत होते. चाचा शहाण्या पोरासारखा म्हणायला लागला आणि मध्येच थांबला. त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं.

“साहेब, तिच्यासमोर असं कसं म्हनू?”

डॉक्टरांनी आवाज आणखी खाली आणला. मग म्हणाले, “इथं नका म्हणू. दवाखान्यात म्हणा. तिथवर तिला ऐकू जायचं नाही.”

चाचाचं समाधान झालं. आम्ही उठलो. अंगाला चिकटलेला कापूस झटकत डॉक्टर पायरीपर्यंत गेले, तिथून मागे वळले आणि त्या रिकाम्या दाराकडे पाहून म्हणाले, “येतो, चाची.”

मीही हात जोडले. त्या माणसाचा मला इतका लोभ कधी वाटला नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी तो जायचा होता.