भाचीचा पासपोर्ट शाळेच्या कपाटात

मंडळी, आज माझाच मला राग आलाय.

माझी भाची व्हिएतनाममध्ये एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकवते. सकाळी मी गोव्यात मुळगावला बहिणीकडे असताना भाचीचा फोन आला. घसा पार बसलेला. डॉक्टरने बोलू नको म्हटलंय, तरी शाळा रजा देत नाही. नोकरी सोडून यायचं म्हणते, पण पासपोर्ट शाळेच्या कपाटात.

"मामा, दिनात रे म्हाका. वर्स पुराय कर म्हणटात."

म्हणजे वर्ष पुरं केल्याशिवाय शाळा पासपोर्ट परत देणार नाही. रुजू होताना तो तिने मला विचारूनच दिला होता. तेव्हा मी शेजारच्या काकांना विचारलं. त्यांचा जन्म बोटीवरच्या नोकरीत गेला. ते म्हणाले, "बोटीर सगळ्यांचे पासपोर्ट कप्तानाकडेच आसतात. दी म्हण तिका." मीही तिला देऊन टाक म्हणून सांगितलं. आम्हा गोंयकारांना परदेशची नोकरी म्हणजे बोटच वाटते! मी पदवीधर, पण करारही वाचायला मागितला नाही.

दुपारी तिथल्या भारतीय दूतावासाला तक्रार लिहून तिला फोनवर दाखवली. 'पासपोर्ट जबरदस्तीने काढून घेतला' या वाक्यावर ती अडली.

"जबरदस्तीन न्हय मामा, हांवेंच दिला."

मी ते वाक्य खोडलं. पण स्वतःच्या हाताने दिलेली वस्तू परत मागायचा हक्क संपतो का हो?